दोन तोंडांचे बीळ

घाट चढून गेल्यावर जे उघडे पठार लागते, त्याच्या कडेच्या एका जंगलात एक उंदरीण राहत असे. राहत असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. ती तिथे नुकतीच आली होती, आणि आलेला प्राणी राहू लागला असे किती दिवसांनी म्हणावे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. ती मूळची खाली खाडीकाठची. भाताच्या पेंढ्याने भरलेल्या एका बैलगाडीत लपून, पोटात चार पिल्ले घेऊन, ती वर आली. गाडी जंगलाच्या कडेला थांबली तेव्हा ती खाली उतरली. परत जाण्याची वाट तिला माहीत नव्हती, आणि परत जावे असे तिथे कोणी उरलेही नव्हते.

तिने खाडी का सोडली, ते आधी सांगतो. ते सांगितले नाही, तर मुलांनो, तुम्ही तिला मूर्ख म्हणाल. आणि ती मूर्ख नव्हती.

खाडीकाठी उंदरांच्या प्रत्येक बिळाला दोन तोंडे असतात. पुढचे तोंड येण्याजाण्याचे. मागचे तोंड बांधाच्या वरच्या अंगाला उघडते, आणि ते कधीही, कोणत्याही कारणाने बुजवायचे नाही, असा तिथला रिवाज आहे. उधाणाची भरती बांध फोडून आत आली, की पाणी पुढून शिरते आणि उंदीर मागून निघून जातात. तिथल्या पिल्लांना पहिला धडा देतात तो झोपण्याचा : डोके मागच्या तोंडाकडे करायचे आणि एकमेकांपासून अंतर ठेवायचे, म्हणजे पळताना कोणाच्या पायात कोणी येत नाही. उंदरिणीने हा रिवाज एकदाच मोडला. भात पिवळे पडले होते आणि अवेळी पाऊस आला होता. मागच्या तोंडातून पाण्याची झड आत येत होती, पिल्ले भिजत होती, म्हणून तिने तिथे पेंढ्याचा बोळा घातला. फक्त दुपारपुरता. ती दाणे आणायला गेली आणि त्याच दुपारी अवसेचे उधाण आले. आत तिचा नवरा होता आणि तीन पिल्ले होती. पेंढा भिजला की फुगतो आणि घट्ट बसतो. तो आतून कुरतडत ती चौघे कुठपर्यंत आली होती, हे तिला पाणी ओसरल्यावर दिसले.

त्यानंतर आठ दिवसांनी ती गाडीत बसली.

पठारावरचे जगणे तिला पहिल्या दिवसापासून जड गेले. तिथे माती अशी नव्हतीच, मुरूम होता. बीळ खणताना तिची दोन नखे तुटली. तरी तिने पुढचे तोंड खणले आणि मागचेही खणले, आणि मागचे जरा मोठेच ठेवले. खाण्यात मऊ भात नव्हता, चिंबोरी खेकड्याचे तुकडे नव्हते. गवताचे बी, रानतीळ आणि शेतातून सांडलेली ज्वारी होती, आणि ज्वारी चावताना तिचे दात दुखत. पाणी प्यायला झऱ्यापर्यंत जावे लागे. अंगाला खारा वास होता, तो महिनाभर गेला नाही. पिल्ले झाली ती चार झाली, आणि चारही जगली. त्यांना तिने पहिला धडा दिला तो झोपण्याचा दिला.

पठारावरचे प्राणी वाईट नव्हते. सकाळचे पहिले ऊन एका सपाट कातळावर पडे आणि सगळे तिथे शेकायला बसत. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. मध्यभागी एक म्हातारी घूस बसे. ती अंगाने एवढी रुंद होती, की तिच्यासाठी तिघांची जागा लागे, आणि तिला प्रत्येक गोष्टीतले कळत असे. कातळाच्या कडेला एका पायावर एक टिटवी उभी असे. तिला फारसे कळत नसे, पण पठारावर कुठेही काही घडले तर ते सगळ्यांच्या आधी तीच ओरडून सांगे.

उंदरीण पहिल्या दिवशी पिल्लांना घेऊन कातळावर आली आणि दिसली त्या मोकळ्या जागी बसली.

“ए, ऊठ!” टिटवी म्हणाली. “इथे उन्हालासुद्धा धनी असतात. ती सशाची जागा आहे.”

“माहीत नव्हतं गो,” उंदरीण उठत म्हणाली. “मी खाडीकडची.”

“तरीच म्हटलं, सकाळी सकाळी सुक्या मासळीचा वास कुठून येतोय!”

सगळे हसले. उंदरीणही थोडी हसली. तिला कातळाच्या मावळतीच्या टोकाला जागा मिळाली. तिथे ऊन सगळ्यात उशिरा येई, पण येई.

घुशीला मात्र तिची काळजी वाटली. ती त्याच दिवशी डुलत डुलत उंदरिणीचे बीळ पाहायला आली. पुढून पाहिले, मागून पाहिले, आणि कपाळाला हात लावला.

“अगं बाई, बिळाला दोन तोंडं? तू काय दोन घरची सून आहेस?”

“आमच्याकडे असतात, मावशी.”

“तुमच्याकडे असतील. इथे एकच ठेवायचं, आणि तेही दिवस मावळला की आतून गवताने बंद करायचं. पौष येऊ दे, मग कळेल. वरून वारा सुटतो तो पुढून शिरतो आणि मागून निघतो. वाटेत जे असेल ते गारठवून जातो. आणि ही पोरं अशी लांब लांब का निजवलीस? भांडलीत का एकमेकांशी?”

“सवय आहे त्यांना.”

“सवय मोड. ढीग करून निजव. आणि मागचं तोंड आजच लिंप.”

“होय हो मावशी, बघते,” उंदरीण म्हणाली.

असे ती पुढे अनेकदा म्हणाली. घूस रोज सांगे आणि ती रोज “बघते” म्हणे. तिने एकदाही सांगितले नाही, की मी एकदा ते बुजवले होते. का सांगितले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्याच्या हातून झालेला घात रडत सांगता येतो. आपल्या हाताने घातलेल्या बोळ्याची गोष्ट तोंडातून निघत नाही. आणि घुशीनेही कधी विचारले नाही. पठारावर सल्ला देणे हीच विचारपूस समजली जाते.

हळूहळू गवत वाळले. झऱ्याचे पाणी दातांना लागू लागले. सकाळी पाने दहिवराने जड होत आणि कातळावर यायला सगळ्यांना उशीर होऊ लागला. उंदरिणीची पिल्ले आता धावू लागली होती, पण सकाळी उठली की त्यांचे कान निळे दिसत, आणि बराच वेळ ती नीट उभी राहू शकत नसत.

एकदा सर्वांत धाकटे पिल्लू म्हणाले, “आये, आम्ही जवळ जवळ निजलो तर?”

“नको. पळताना पाय अडकतात.”

“पण पळायचं कुठे?”

“पाणी आलं की मागच्या वाटेने.”

“पाणी तर झऱ्यात आहे. ते इथे कशाला येईल?”

तिने पिल्लाचे कान चाटून काढले आणि त्याला त्याच्या जागी निजवले.

आता जे झाले ते नीट ऐका. एका दुपारी उंदरीण तीळ गोळा करायला लांब गेली होती. घूस बिळावरून जात होती. तिने मागच्या तोंडातून आत डोकावले आणि कुडकुडणारी चार पिल्ले पाहिली. ती तिथेच बसली. तिने वाळके गवत आणले, झऱ्याकाठची चिकण माती आणली, आणि संबंध दुपार खपून मागचे तोंड असे लिंपले, की तिथे कधी भोक होते असे कोणाला सांगूनही पटले नसते. पुढच्या तोंडालाही तिने गवताचा पडदा केला. आतला वारा थांबला. पिल्लांना आयुष्यात पहिल्यांदा ऊब म्हणजे काय ते कळले. ती एकमेकांवर पडून अशी गाढ झोपली, की त्यांचा आवाजही येईना. घूस समाधानाने हात झाडत बाहेर बसली. उंदरीण आली की तिला केवढा आनंद होईल, हे तिला बघायचे होते.

उंदरीण आली. तिने आधी मागच्या तोंडाकडे पाहिले, कारण ती नेहमी तिकडेच आधी पाही. तिथे तोंड नव्हते. तिने कान लावला. आतून काहीच ऐकू आले नाही.

तिच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून टिटवीसुद्धा गप्प झाली. ती मातीवर तुटून पडली. नखांनी, दातांनी ती उकरू लागली. तोंडातून रक्त आले तरी ती थांबेना.

“मारलंत!” ती किंचाळली. “माझी पोरं मारलीत तुम्ही! मारेकरीण आहात!”

“अगं, कोण मेलंय?” घूस घाबरून म्हणाली. “ऐक तरी...”

“लांब व्हा! हात लावू नका माझ्या घराला!”

गवताचा पडदा हलला आणि पुढच्या तोंडातून चारही पिल्ले डोळे चोळत बाहेर आली. त्यांचे कान गुलाबी होते. गलका ऐकून सगळे प्राणी जमले होते.

“ही बघ तुझी मेलेली पोरं,” घूस म्हणाली. “दुपारभर राबले मी. या वयात. आणि मला मारेकरीण म्हणतेस? चार जणांत?”

उंदरिणीने तोंड उघडले. सांगायचे असेल तर आताच, हे तिलाही कळत होते. पण सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्या तोंडून एवढेच आले :

“आमच्यात चालत नाही.”

“ऐकलंत?” टिटवीला आवाज फुटला. “खाडीवाल्यांना ऊब चालत नाही! त्यांना बिळात वारा लागतो, जेवणात वास लागतो!”

“चालत नाही ना?” घूस म्हणाली. “मग तुझं तू बघ, बाई. माझ्याकडून आजपासून एक शब्द नाही.”

ती डुलत डुलत निघून गेली आणि तिच्यामागून सगळे गेले. उंदरिणीने दिवस मावळेपर्यंत मागचे तोंड पुन्हा पूर्वीइतके मोकळे केले. दुसऱ्या दिवसापासून कातळावर तिच्या शेजारी कोणी बसेना. सल्लाही कोणी देईना. पहिले दोन दिवस तिला यामुळे बरेच वाटले.

चौथ्या दिवशी वारा पडला. आभाळ धुतल्यासारखे झाले. क्षितिजापर्यंत ढगाची चिरी नव्हती. उंदरिणीने सवयीप्रमाणे चारही दिशा पाहिल्या. खाडीकाठी संकट नेहमी ढगांतून येते. निरभ्र संध्याकाळ म्हणजे निर्धास्त झोप. तिला फार दिवसांनी हलके वाटले. तिने पिल्लांना खायला घातले, प्रत्येकाला त्याच्या जागी निजवले, आणि म्हणाली, “आज काही भीती नाही.”

तेच आभाळ घुशीने पाहिले आणि ती दचकली. पठारावर पौषात वारा पडून आभाळ असे स्वच्छ झाले, की पहाटे हिव पडते आणि गवतावरचे दहिवर गोठून पांढरे होते. ती घाईघाईने गवताचा भारा घेऊन आपल्या बिळाकडे निघाली. वाटेत उंदरिणीचे बीळ होते. मागचे तोंड उघडे होते. घूस थांबली. बराच वेळ ती भारा घेऊन तशीच उभी होती. ‘सांगावं का?’ तिला वाटले. मग तिला ती दुपार आठवली, तो शब्द आठवला, जमलेले प्राणी आठवले. ‘आपल्याला काय करायचंय?’ असे मनाशी म्हणून ती पुढे गेली.

पहाटे पठार पांढरे झाले होते.

उंदरिणीला जाग आली तेव्हा तिची दोन धाकटी पिल्ले तिच्या पोटाखाली शिरलेली होती. सांगितलेले न ऐकता ती झोपेत सरकत तिच्याकडे आली होती. मोठी दोन आपापल्या जागी होती. डोकी मागच्या तोंडाकडे, मध्ये अंतर, शिकवले होते अगदी तसे. तिने त्यांना हाक मारली. मग हलवून पाहिले.

आज्ञेत होती ती दोन गेली होती.

ऊन आले तेव्हा तिने एकेकाला तोंडात धरून कातळावर नेले. उन्हाने ती उठतील असे तिला वाटत होते, की तिला दुसरे काही सुचत नव्हते, मला सांगता येत नाही. ती नेहमीसारखी मावळतीच्या टोकाला जाऊन बसली. तिथे अजून सावली होती. ते पाहून मध्यभागी बसलेली घूस उठली आणि बाजूला झाली. ससा सरकला. टिटवीने दुसरा पाय खाली टेकवला. उंदरीण पिल्लांना घेऊन मध्यभागी आली आणि तिने त्यांना उन्हात ठेवले. ती वाट पाहत राहिली. ऊन चांगले तापले, पिल्लांच्या अंगावरचे पांढरे कण विरघळून त्यांचे केस ओले झाले, तरी ती हलली नाहीत.

“सांगत होते मी,” घूस हळूच म्हणाली, “किती वेळा...”

मग उंदरिणीने सांगितले. पावसाची झड, पेंढ्याचा बोळा, दुपारपुरता, उधाण. कुरतडलेला पेंढा किती होता आणि किती उरला होता, हेही सांगितले. ती रडली नाही.

“हे आधी का नाही गं सांगितलंस?” घूस म्हणाली.

“तुम्ही विचारलंत कधी, मावशी?”

घुशीने खाली पाहिले. “नाही विचारलं,” ती म्हणाली. मग ती पुढे म्हणाली, “काल संध्याकाळी मी तुझ्या बिळावरून गेले. मागचं तोंड उघडं दिसलं मला. हिव पडणार हेही कळलं होतं. मी पाहिलं आणि पुढे गेले.”

उंदरिणीने तिला मारेकरीण म्हटले नाही. तो शब्द तिने नको तेव्हा वापरून टाकला होता.

टिटवीने त्या दिवशी कोणालाच काही ओरडून सांगितले नाही. दुपारी उंदरिणीने आणि घुशीने मिळून मुरमात खड्डा खणला.

दिवस कलला. आभाळ पुन्हा तसेच स्वच्छ होते, आणि आता त्याचा अर्थ उंदरिणीला कळत होता. उरलेली दोन पिल्ले आत होती. ती गवताचा बोळा तोंडात धरून मागच्या तोंडापाशी उभी राहिली. बोळा घातला नाही तर काय होते, हे तिने सकाळी पाहिले होते. घातला तर काय होते, तेही तिने पाहिले होते. बोळा काही आत जाईना.

घूस आली. तिने उंदरिणीच्या तोंडातून गवत काढून घेतले नाही, की काही समजावले नाही. ती वळली, आणि आपली रुंद पाठ तिने मागच्या तोंडाला लावली. तोंड काठोकाठ भरले.

“वारा येतोय का गं?” तिने बाहेरून विचारले.

“नाही,” आतून धाकटे पिल्लू म्हणाले.

“ही पाठ आहे, बोळा नाही,” घूस उंदरिणीला म्हणाली. “पाणी आलंच तर तुझ्या आधी मला लागेल. मी उठेन. वाट मोकळी.”

“पण मावशी, इथे पाणी येत नाही ना?”

“नाही येत. माझ्या आजीच्या काळापासून आलेलं नाही. पण ते तुला आज कसं पटेल? जा, पोरांना जवळ घे.”

उंदरीण आत गेली. माघ सरेपर्यंत घूस रोज संध्याकाळी आली आणि बाहेरच्या गारठ्याकडे तोंड करून पाठ लावून बसली. हेच तिने चार दिवस आधी केले असते, किंवा उंदरिणीने चार दिवस आधी सांगितले असते, तर चारही पिल्ले वाचली असती, असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही. उंदरीण आता पिल्लांना कुशीत घेऊन, ढीग करून निजवत असे. पिल्ले दोनच होती. पण आडवी होताना ती जागा चौघांची सोडत असे.

तात्पर्य : एका मुलखात जीव वाचवणारी रीत दुसऱ्या मुलखात जीव घेऊ शकते, म्हणून नव्या जागी गेल्यावर तिथले आभाळ नव्याने वाचायला शिकावे, आणि नव्याने आलेल्याला शहाणपण शिकवायला जाणाऱ्याने, तो कशाला भितो, हे आधी त्याला विचारावे.